ऊन पाणी

सूर्याच्या प्रकाशाला आपण ऊन म्हणतो आणि आंघोळीसाठी काढलेल्या कढत पाण्यालाही ऊन म्हणतो. एक नाम, दुसरे विशेषण. पण दोघांचे मूळ संस्कृतातल्या ‘उष्ण’ या एकाच शब्दात. वर्गात हे सांगितले की मुले माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की विसरून जातात. त्यांना तरी काय बोल लावावा? मीही पुष्कळ वर्षे याकडे शब्दाची एक गंमत म्हणूनच पाहत आले. पण आता डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ही दोन्ही ऊने एकत्र नांदतात. दिवसा पडलेले ऊन तिथल्या टाकीत रात्रभर साठून राहते आणि पहाटे आमच्या बादल्यांत उतरते. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करायचे असा शास्त्राचा दंडक. तेव्हा त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत आम्ही आदल्या दिवशीच्या सूर्याने आंघोळ करतो, असे म्हटले तरी चालेल.

ऐकायला हे फार गोड वाटते. पण ते पाणी गार आले म्हणजे काय होते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच ठाऊक!

माझे आजोळ कल्याणचे. पारनाक्याजवळच्या जुन्या वाड्यात मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. दिवाळी जवळ आली की चिंच लावून त्याला असा घासायचा की त्यात तोंड पाहावे. बंबाची रचना एखाद्या सरळमार्गी माणसासारखी होती. मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव आणि भोवती पाणी. वरून लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या टाकायच्या, खालून राख ओढायची, बाजूच्या तोटीने पाणी काढायचे. आत पाणी असल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, एवढा एकच नियम. धूर कोंडला तर लाकूड ओले आहे. विस्तव नुसता धुमसत राहिला तर जाळीत राख दाटली आहे. पूर्वीइतके लवकर तापत नसेल तर आतून क्षारांचा थर बसला आहे. सगळे डोळ्यांसमोर! बंब बिघडला म्हणून आमच्या आजोळी कोणी कोणावर ओरडल्याचे मला आठवत नाही. ओरडायला अवसरच नव्हता. आजी वाकून जाळीत पाही, चिमटा फिरवी आणि कामाला लागे.

त्याहूनही सोपी व्यवस्था पाहायची असेल तर भिवंडीच्या पुढे वज्रेश्वरीला जावे. चिमाजी अप्पांनी वसईच्या स्वारीत नवस केला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर देवीचे देऊळ बांधले, ही हकिगत पुष्कळांना माहीत असते. पण आम्हा मुलांना देवळाइतकेच आकर्षण होते ते तानसेच्या काठच्या कुंडांचे. अकलोली आणि गणेशपुरी इथे जमिनीच्या पोटातूनच कढत पाणी येते. बंब नाही, लाकूड नाही, राख ओढणे नाही. माझी आजी त्या पाण्यात पाय सोडून बसे आणि म्हणे, “देवाच्या घरचा बंब. कधी विझत नाही, पण आपल्या घरी नेता येत नाही.”

घरी नेता येईल असा न विझणारा बंब माणसाने पुढे शोधून काढला, पण त्यासाठी विस्तव आणि पाणी यांची ताटातूट करावी लागली. ठाकुर्लीला चोळ्याजवळ रेल्वेचे कोळशावर चालणारे वीजघर होते. आज ते बंद आहे. तोही एक प्रचंड बंबच म्हणायचा. कोळसा ठाकुर्लीला जळायचा आणि गाडी दूर कुठेतरी धावायची. घरातल्या विजेच्या गीझरचे तसेच आहे. विस्तव कुठल्या गावी पेटला आहे ते आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतो तो भिंतीवरचा लाल दिवा. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गीझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला अठरा-वीस मिनिटे घेतो. बोअरवेलचे जड पाणी असेल तर त्यातला चुना तापल्यावर सुटतो आणि कांडीवर पांढरी साय धरतो. मग गीझर चहाच्या आधणासारखा सूं सूं करू लागतो, वेळ अधिक घेतो आणि एके दिवशी मुकाट होतो.

गच्चीवरची सौर यंत्रणा या दोघांच्या मधली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींवर ती बसवण्याची सक्ती केली. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावरून जाताना काय किंवा डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून पाहताना काय, गच्च्यांवर दक्षिणेकडे कलून बसलेल्या काळ्या नळ्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक नळी म्हणजे काचेत काच. दोन काचांमधली हवा काढून घेतलेली, जशी थर्मासमध्ये असते, आणि आतल्या काचेवर काळा लेप. ऊन आत जाते आणि बाहेर यायची वाट विसरते. नळीतले पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी जड म्हणून खाली उतरते. पंप नाही, वीज नाही. दिवसभर ही चढउतार आपली चालूच. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला विजेचे सुमारे चार युनिट लागतात. तेवढे काम सूर्य फुकट करतो. टाकीभोवती जाड फेसाचा अंगरखा असतो, म्हणून संध्याकाळचे पाणी पहाटेपर्यंत कढत राहते.

मात्र गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत जी वाट आहे ती सगळी भिंतीआड. बंबाची जाळी वाकून पाहता येत होती. इथे पाहायचे काय? दिसत नाही तिथे माणूस तर्क करतो. आणि तर्काला एक वाईट खोड आहे. त्याला नळीपेक्षा माणूस लवकर सापडतो.

गेल्या वर्षीच्या आश्विनातली गोष्ट. आमची इमारत तळमजला आणि वर चार मजले, मजल्याला दोन बिऱ्हाडे, एकूण दहा. गच्चीवर हजार लिटरची सौर टाकी. पहाटे सहाला वॉचमनमामांनी गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्ह उघडायचा आणि साडेआठला बंद करायचा, असा शिरस्ता. पावसाळा संपला, आकाश निवळले, आश्विनाचे ऊन चटचट लागू लागले. पाणी उत्तम तापायचे ते हे दिवस. आणि नेमके तेव्हाच पाणी गार येऊ लागले. तेही सरसकट नव्हे. चौथ्या मजल्याला बऱ्यापैकी कढत, तिसऱ्यावर कोमट, आणि दुसऱ्या, पहिल्या व तळमजल्यावर बादली भरेपर्यंत वाट पाहिली तरी जेमतेम गारवा मोडलेले.

चार दिवस आम्ही वाट पाहिली. कोणी म्हणाले नळ्यांवर धूळ बसली आहे. मुलांनी नळ्या पुसून लख्ख केल्या. कोणी म्हणाले ढग आहेत. ढग कुठेच नव्हते. पाचव्या दिवसापासून ज्याने त्याने आपापला मार्ग काढला. तळमजल्यावरचे आजोबा बादलीत विजेचा रॉड टाकून बसू लागले आणि पाणी तापले का ते बोटाने पाहू लागले. त्यांची सून ते पाहून किंचाळली म्हणून निभावले. दुसऱ्या मजल्यावर एकांनी गॅसचा गीझर आणायचे ठरवले आणि तो न्हाणीघराच्या आतच लावायचा बेत केला. ते मात्र सर्वांनी मिळून मोडून काढले. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला की हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत गेलेल्या माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि दार आतून लावलेले असते. अशा बातम्या दर थंडीत वर्तमानपत्रात येतात. ऊन पाण्याच्या एका बादलीपायी किती मोल मोजावे लागेल याचा विचार तेव्हा आम्ही पहिल्यांदा केला.

आठव्या दिवशी सोसायटीची सभा भरली आणि तर्काला माणूस सापडला. वॉचमनमामा मुरबाडकडचे. जिन्याखालच्या खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहतात. “हा रात्रीच व्हॉल्व्ह उघडतो,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. “याच्या घरचे सगळे आधी न्हाऊन घेतात, वर धुणे धुतात. आपल्याला राहिलेले गार.” दुसऱ्या एकांना मामांची मुलगी ओले केस सोडून शाळेत जाताना दिसली होती. तिसऱ्यांनी जिन्याखालून वाफ येताना पाहिली होती. ती भाताचीही असू शकेल हे कोणाच्या मनात आले नाही. ठरावाची भाषाही तयार झाली. महिनाअखेर दुसरा माणूस पाहायचा, आणि दिवाळीची बक्षिसी तूर्त स्थगित.

मामा दाराशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, “साहेब, मी सहालाच उघडतो. आमचं पाणी चुलीवर तापतं.” कोणी उत्तर दिले नाही. वसुबारस चार दिवसांवर आली होती. त्यांच्या धाकट्या मुलीला आमच्याच शाळेत मी मराठी शिकवते. सभेत माझे मत विचारले तेव्हा मी म्हणाले, “ठराव करण्याआधी एकदा प्लंबरला वर नेऊन पाहू. उद्याचा दिवस द्या.” एका दिवसाने कोणाचे काही बिघडणार नव्हते, म्हणून दिला.

प्लंबर आमच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक असलेला, ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. हिंदुस्थानातल्या निम्म्या शहरांचे नळ त्या एका जिल्ह्याच्या माणसांनी जोडले असावेत, इतके प्लंबर तिकडून येतात. वीस-बावीस वर्षे डोंबिवलीत काढल्यामुळे त्याचे मराठी आमच्यासारखेच झाले आहे, फक्त घाईत असला की हिंदी डोकावते. सकाळी नऊला तो आला. साडेआठला व्हॉल्व्ह बंद झाला होता, सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या होत्या. पान्हा पिशवीतच ठेवून तो टाकीपाशी गेला, बुडाशी असलेली छोटी तोटी उघडून त्याने तांब्यात पाणी घेतले आणि तांब्या माझ्यापुढे धरला. “बाई, हात लावा. संभाळून.”

पाणी चटका बसेल इतके कढत होते.

“चोरी झाली म्हणता ना?” तो म्हणाला. “मग तिजोरी रिकामी पाहिजे. ही तर भरलेली आहे.”

मी क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिले. दहा बिऱ्हाडे न्हाली, सगळी कुरकुरली, आणि ऊन पाणी मात्र होते तिथेच शिल्लक! मामांनी ते पळवले असते तर टाकीत गार पाणी असायला हवे होते. आठ दिवस आम्ही नळाखाली हात धरून तावातावाने बोलत होतो; चाळीस पायऱ्या चढून कोणी टाकीला हात लावला नव्हता. आरोप पुसून टाकायला तेवढा तांब्याभर पाण्याचा पुरावा पुरेसा होता.

पण पाणी गार का येते, याचा उलगडा अजून व्हायचाच होता. टाकीतून हवा बाहेर जायची उभी नळी मोकळी आहे का, ते त्याने पाहिले. ती बुजली तर नळात हवा कोंडते आणि पाणी अडते. नळी मोकळी होती. मग त्याने मुख्य व्हॉल्व्ह पुरता बंद असल्याची खात्री करून घेतली आणि मामांना सांगितले, “तळमजल्यावर जा. गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा आणि उघडाच ठेवा.” आम्ही जिन्याने खाली उतरलो. गरम पाण्याची वाट वरून बंद केलेली. तेव्हा नळीत उरलेले पाणी वाहून गेले की नळाने कोरडे व्हायला हवे. नळ मात्र धो धो वाहत होता. पाच मिनिटे झाली, दहा झाली. गार पाणी, आणि धार तसूभरही बारीक होईना.

“बघा,” प्लंबर म्हणाला, “वरून बंद, तरी येतंय. म्हणजे कुणाच्या तरी घरातून गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय.”

गंमत अशी की गार पाण्याची टाकी सौर टाकीपेक्षा उंचावर असते, कारण तीच सौर टाकी भरते. शिवाय गरम पाणी लांबच्या, वळणावळणाच्या वाटेने येते. गार पाणी सरळ खाली. त्यामुळे गार पाण्याचा जोर अधिक. दोन्ही वाटांना कुठे दार मिळाले की तो जोर गरमच्या वाटेत शिरतो आणि खालच्या मजल्यांकडे धावतो. वरच्यांना त्याची झळ कमी. चौथा मजला कढत, तिसरा कोमट, खालचे तीन गार, या कोड्याचे उत्तर इतके सरळ होते. दार तिसऱ्या मजल्यावर असणार.

तरीही त्याने अंदाजावर भिस्त ठेवली नाही. डक्टमध्ये प्रत्येक बिऱ्हाडाच्या गरम पाण्याला एकेक कॉक आहे. तो एक कॉक बंद करी आणि मामांना हाक मारी. “आलं का?” खालून उत्तर, “चालूच आहे.” पहिला मजला, दुसरा मजला, चालूच आहे. तिसऱ्या मजल्याचे डावे बिऱ्हाड बंद केले, चालूच आहे. उजवे बंद केले मात्र, आणि खालून मामांचा आवाज आला, “थांबलं!” आठ दिवसांत त्या आवाजात पहिल्यांदाच जोर होता.

उजव्या बिऱ्हाडात आजी आहेत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना खुर्चीवर बसवून न्हाऊ घालावे लागते. सुनेने नुकताच हातात धरायचा शॉवर लावून घेतला होता. गार-गरम पाण्याचे दोन्ही खटके आजींना सोसेल तेवढे फिरवून तिने कायमचे तसेच ठेवले होते आणि शॉवरच्या मुठीवरचा घोडा दाबला की पाणी, सोडला की बंद. एका हाताने आजींना सावरायचे असते. दुसऱ्या हाताने रोज दोन खटके जुळवणार कशी? घोडा सोडला की पाणी बाहेर यायचे थांबे, पण आत गार आणि गरम या दोन वाटा एकमेकींना मिळालेल्याच राहत. अहोरात्र. इमारतीतल्या अर्ध्या बिऱ्हाडांचे पाणी गार झाले ते एका म्हातारीला ऊन पाणी मिळावे म्हणून केलेल्या सोयीमुळे.

एव्हाना जिन्यात माणसे जमली होती. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “म्हणजे वहिनी, तुमच्यामुळे आठ दिवस सगळ्या इमारतीला...” त्या बिचारीचा चेहरा उतरला. पदराला हात पुसत ती काही बोलणार, एवढ्यात मामाच मागून म्हणाले, “राहू द्या साहेब. त्यांना काय माहीत? आजींना तरी ऊन पाणी मिळत होतं.”

ज्या माणसाची नोकरी आदल्या संध्याकाळी आम्ही काढून घेतली होती, तो हे बोलला. जिन्यात मग कोणी काही बोलले नाही.

उपाय साधा निघाला. प्लंबरने शॉवरच्या दोन्ही नळ्यांत एकेक एकेरी झडप बसवली. बाजारात तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. पाणी पुढे जाऊ देते, मागे फिरू देत नाही. आजींचे खटके होते तसेच राहिले. दोन्ही झडपांचा खर्च हजाराच्या आत बसला आणि तो सोसायटीने केला. दुसऱ्या दिवशी पहाटे तळमजल्यावरच्या आजोबांच्या न्हाणीघराच्या खिडकीतून वाफ बाहेर आली आणि त्यांनी रॉड माळ्यावर टाकला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण सभेचे इतिवृत्त लिहायचे होते. सेक्रेटरीसाहेबांनी लिहिले, “उष्णजल यंत्रणेतील तांत्रिक दोष दूर करण्यात आला.” कर्मणी प्रयोग, कर्ता कुठेच नाही. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. पण मागच्या पानावर त्याच वहीत वॉचमनचे नाव घालून संशय लिहिलेला होता आणि तो तसाच राहणार होता. मी म्हटले, यात एक वाक्य वाढवा. ‘वॉचमनचा यात काही दोष नव्हता, असे आढळले.’ त्यावर अर्धा तास वाद झाला. “आता त्याला कामावर ठेवतोच आहोत ना? बक्षिसीही देतो आहोत. वहीत लिहून काय मिळणार?” असे सेक्रेटरीसाहेबांचे म्हणणे. ते मनाने वाईट नाहीत. गच्चीचा खर्च, कराची बिले, सगळे तेच निस्तरतात. पण चूक मान्य करण्यापेक्षा पैसे देणे माणसाला सोपे वाटते. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पेन मागितले आणि आपल्या हाताने ते वाक्य लिहिले. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. मामांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकले, मान हलवली आणि पंप चालू करायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

या प्रकाराने मला जे कळले ते पौषात फार दूर उपयोगी पडले. माझी भाची विलायतेत लीड्सला शिकते. जुन्या घरात तिघी मुली मिळून राहतात. तिकडची घरे आपल्या आंघोळीच्या पाण्यासारखीच ऊन करावी लागतात. स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते, भिंतीशी टेकलेल्या लोखंडी पत्र्याच्या रेडिएटरमधून फिरते, खोलीला ऊब देते आणि निवून बॉयलरकडे परत येते. तेच पाणी पुन्हा तापते. भाचीच्या खोलीत मात्र ऊब नव्हती. तिची खात्री झाली होती की गॅसचे बिल वाचवायला दुसऱ्या खोलीतली मुलगी गुपचूप तिचा रेडिएटर बंद करते. फोनवर रडवेल्या आवाजात ती म्हणाली, “मावशी, मी तिला चिठ्ठी लिहून ठेवली आहे. उद्या दाराखालून सरकवणार.”

“चिठ्ठी राहू दे,” मी म्हटले. “आधी त्या रेडिएटरला हात लावून सांग. वर गार आहे की खाली?”

ती उठून गेली. “खाली गरम आहे. वर मात्र गारठोक.”

खाली ऊन पाणी पोचते आहे, म्हणजे कोणी बंद केलेले नाही. हवा पाण्यापेक्षा हलकी. ती वरच्या अंगाला कोंडून बसते आणि तिथे पाण्याला येऊ देत नाही. उलट, वर गरम आणि खाली गार असते तर बुडाशी गंजाचा काळा गाळ बसला असे समजायचे, आणि तो धुवायला जाणता माणूस बोलवायचा. तिच्या रेडिएटरच्या टोकाला एक बारीक चौकोनी खिळा होता आणि त्याची किल्ली स्वयंपाकघराच्या खणात पडलेली. घरमालकीणबाईंना विचारून तिने बॉयलर बंद केला, रेडिएटर निवू दिला, खाली फडके धरले आणि किल्ली जराशी डावीकडे फिरवली. फुस्स करून हवा निघाली, मग पाण्याचा थेंब आला, तशी तिने किल्ली घट्ट केली. हवा गेल्यामुळे बॉयलरवरच्या दाबाचा काटा १ बारच्या खाली आला होता; मालकीणबाईंनी दाखवले तशी भरणीची तोटी उघडून तो १ ते १.५ च्या मध्ये आणला. त्यापलीकडे बॉयलरच्या आत हात घालायचा नाही, हे मी तिला निक्षून सांगितले. गॅसचे काम तिकडे नोंदणी केलेल्या माणसानेच करायचे असा कायदा आहे, आणि तो कायदा आपल्याकडच्या न्हाणीघरांनाही लागू असता तर बरे झाले असते.

रात्री तिचा निरोप आला. खोली उबदार झाली आहे. चिठ्ठी फाडली. त्या मुलीला भात-आमटीला बोलावले आहे.

हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्याकडे उटणे वाटीत काढले असेल, कारीट उंबऱ्याशी ठेवले असेल आणि पहाटे कोणाची बादली आधी यावर कुरबूर चालू असेल. न्हाणीघरात दहाजणांचे पाणी एकाच नळीतून येते, तिथे कुरबूर व्हायचीच. पण पाणी गार आले तर विजेचा रॉड शोधण्याआधी, आणि खालच्या मजल्याला हाक मारण्याआधी, गच्चीवर जाऊन टाकीला हात लावून पाहावा. टाकी गार असेल तर सूर्य, नळ्या आणि क्षार यांच्याकडे पाहावे. टाकी कढत असेल तर वरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडावा आणि तो कोरडा होतो का पाहावे. या दोन परीक्षांना मिळून पंधरा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

आमच्या इमारतीत हल्ली पहाटे सहाला मामा व्हॉल्व्ह उघडतात तेव्हा गच्चीच्या दारावर एक खडू लटकवलेला असतो. टाकी कढत, कोमट की गार, ते हात लावून दारावरच्या फळीवर लिहायचे आणि मग खाली यायचे, असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे. अक्षर त्यांच्या धाकट्या मुलीचे. ती रविवारी त्यांच्याबरोबर वर जाते. परवा मी पाहिले, ‘कढत’मधला ढ तिने सुरेख काढला होता.